जुन्या पल्सरचा क्लच स्लिप मारतोय? इंजिन उघडण्याआधी आणि उघडल्यावर

पल्सर २२० पहिल्यांदा आली २००७ मध्ये, आणि कार्ब्युरेटरवाली २२० आली २००९ मध्ये, 'द फास्टेस्ट इंडियन' अशी जाहिरात करत. त्या काळातल्या बऱ्याच गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. आधीच्या मालकानं कुठलं ऑइल टाकलं, घाटात हाफ क्लचवर किती चालवली, याचा पत्ता लागत नाही. मग एके दिवशी पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करायला मूठ पिळावी, तर आरपीएम (इंजिनाचे फेरे) भसकन वर जातो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात रेंगाळते. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं: "प्लेटा गेल्या, टाकून देऊ."

गेल्या असतीलही. पण केबल ताणलेली असेल किंवा ऑइल चुकीचं असेल, तर नव्या प्लेटाही थोड्याच दिवसांत त्याच वाटेनं जातात. म्हणून फुकटात होणारी तपासणी आधी, ऑइल त्यानंतर, आणि इंजिनाचं साइड कव्हर उघडायचं सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. मी पल्सर डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण करिझ्मा, सीबीझी, अपाचे, पहिली आर१५ यांचाही क्लच याच जातीचा आहे: ऑइलमध्ये भिजलेला, अनेक प्लेटांचा. मापं आणि बोल्टांच्या जागा तेवढ्या बदलतात. त्यासाठी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवून जवळ ठेवा.

आत काय असतं

क्रँकवरच्या गिअरनं फिरणारी एक बास्केट असते. तिच्या खाचांत फायबर प्लेटांचे कान बसतात. आतल्या हबवर स्टील प्लेटांचे दाते बसतात, आणि हब गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेला असतो. फायबर, स्टील, फायबर, स्टील अशी चळत लागते आणि बाहेरून प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोरावर ती चळत दाबून धरते. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा प्रेशर प्लेट उचलली जाते, चळत सैल होते आणि इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो.

म्हणजे स्लिप होतोय याचा अर्थ चळतीवरचा दाब कमी पडतोय, किंवा दाब पुरेसा असूनही प्लेटा एकमेकींना धरत नाहीत. दाब कमी पडतो तो केबलमुळे, झिजलेल्या प्लेटांमुळे किंवा मेलेल्या स्प्रिंगांमुळे. पकड सुटते ती चुकीच्या ऑइलमुळे किंवा जळून गुळगुळीत झालेल्या प्लेटांमुळे. पुढचं सगळं काम म्हणजे यातलं नेमकं काय झालंय ते शोधणं.

खरंच क्लच आहे का?

रिकामा, सरळ रस्ता बघा. इंजिन नीट तापू द्या, कारण थंड असताना स्लिप बऱ्याचदा लपतो. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ताशी ४०-५० वर गाडी धरा आणि मूठ एकदम पूर्ण पिळा. आरपीएमचा काटा उडी मारून पुढे गेला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. काटाच वर चढायला तयार नसेल, गाडी गुदमरत असेल, तर क्लचला हात लावू नका. तो कार्ब्युरेटर, एअर फिल्टर, प्लग किंवा कॉम्प्रेशनचा मामला आहे. 'पिकअप गेला' या एकाच वाक्यात लोक हे दोन्ही आजार कोंबतात.

तिसरा संशयित म्हणजे चेन. स्प्रॉकेटचे दात झिजून वाकले असतील तर जोर लावताना चेन दात सोडून उडते. त्यात खटखट आवाज येतो आणि झटका बसतो. क्लचचा स्लिप मात्र बिनझटक्याचा असतो. लांब चढ चढून आल्यावर इंजिनापाशी जळका वास येत असेल तर शंकाच नको.

केबल: दहा मिनिटांचं काम

लिव्हरच्या टोकाला बोट लावा आणि हलकेच आत ढकला. जोर लागायला सुरुवात होण्याआधी टोक थोडं मोकळं हललं पाहिजे. बहुतेक गाड्यांत हा मोकळा खेळ लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मि.मी. सांगितलेला असतो. तो शून्य असेल तर तुम्ही लिव्हर न दाबताही केबल प्रेशर प्लेटला थोडं थोडं उचलून धरते आहे. म्हणजे गाडी अखंड हाफ क्लचवर चालली आहे.

नवख्यांना एक गोष्ट उलटी वाटते. ब्रेक झिजला की लिव्हर सैल होतो, म्हणून क्लच झिजला तरी तसंच होईल असं वाटतं. प्रत्यक्षात फायबर प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत सरकते आणि केबलमधला मोकळा खेळ *कमी* होतो. दोन-चार महिने कुणी बघितलंच नाही तर खेळ संपतो, स्लिप सुरू होतो आणि मग उरलेल्या प्लेटा झपाट्यानं जळतात.

खेळ लावताना आधी हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवा. मग इंजिनाजवळ केबल जिथे संपते तिथल्या दोन नटांनी मोठा फरक लावा आणि शेवटचा बारीक फरक पुन्हा वर लिव्हरपाशी. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. खेळ बदलत असेल तर केबल कुठेतरी चुकीच्या जागेवरून नेलेली आहे किंवा टाकीखाली अडकते आहे. इंजिनाजवळ केबल ज्या हाताला (छोट्या दांडीला) जोडलेली असते तो हात केबल काढून हलवून बघा. तो मोकळा मागे यायला हवा. गंजून अडकत असेल तर दोष तिथेच आहे.

केबलच्या टोकाला एखादी तार तुटून बाहेर आली असेल तर तेल सोडत बसू नका, केबल बदला. या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात स्वस्त भाग आहे.

ऑइल

मोटरसायकलचं इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं असायलाच हवं. ही ओल्या क्लचच्या घर्षणाची जपानी प्रमाणपद्धती आहे. कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती चालतात, पण तुमच्या क्लचला घर्षणच तर हवं असतं. डब्याच्या मागे एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) गोल शिक्का असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा 'एनर्जी कन्झर्व्हिंग' असं छापलेलं असेल तर तो डबा कारवाल्यासाठी ठेवा. 'इंजिन गुळगुळीत चालेल' म्हणून वरून ओतायच्या बाटल्याही टाळा. स्कूटरसाठीचं एमबी ऑइलही इथे नको, कारण बहुतेक ऑटोमॅटिक स्कूटरांचा क्लच ऑइलमध्ये नसतो.

ऑइलवर शंका असेल तर गरम इंजिनातून जुनं पूर्ण काढा, फिल्टर बदला, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं एमए२ ऑइल भरा आणि दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. स्लिप हळूहळू कमी होत गेला तर मोठा खर्च वाचला. काहीच फरक नसेल तर फायबरमध्ये ते ऑइल मुरलंय किंवा प्लेटा मुळातच संपल्या आहेत. आता कव्हर उघडायचं.

आरएक्स१०० किंवा राजदूत ३५० सारख्या टू-स्ट्रोक गाडीचं मात्र वेगळं. तिथे क्लच गिअरबॉक्सच्या वेगळ्या ऑइलमध्ये असतो आणि पेट्रोलबरोबर जाणारं टू-टी ऑइल तिकडे पोहोचत नाही. तपासायचं ते गिअर ऑइल.

सामान जमवा

८ आणि १० नंबरचे टी-पाने किंवा गोटी पाने, अ‍ॅलन कीचा सेट, रबरी हातोडी, वर्निअर (जाडी मोजायला), फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा संच, फट मोजायला), ऑइल धरायला पसरट भांडं, भरपूर चिंध्या. लहान टॉर्क रेंच, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा, कुणाकडून मागून आणलात तरी चालेल, पण आणा. सामानात फायबर प्लेटांचा पूर्ण सेट, स्प्रिंगांचा सेट, कव्हरचं नवं पॅकिंग आणि ऑइल. पॅकिंग आधी आणून ठेवाच. जुनं फाटल्यावर रविवारी संध्याकाळी दुकान शोधत फिरणं हा या कामातला नेहमीचा तमाशा आहे.

प्लेटा कुठल्या घ्याव्यात? कंपनीच्या ओरिजिनल, किंवा नाव असलेल्या क्लच उत्पादकाच्या. पुण्यात नाना पेठेत एकाच गाडीच्या प्लेटा चार भावांत मिळतात आणि स्वस्त पाकिटावरही मोठ्या कंपनीचं नाव छापलेलं असू शकतं. वर्निअर खिशात घेऊन जा. दुकानदारासमोर नव्या प्लेटची जाडी दोन-तीन जागी मोजा. एकाच प्लेटवर जाडी कमी-जास्त भरली तर ते पाकीट परत.

कव्हर उघडणं

गाडी किमान काही तास थंड होऊ द्या. ऑइल काढून घ्या. जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, रिकाम्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. क्लच उजव्या बाजूला असतो. उजवा फुटरेस्ट, ब्रेक पेडल, किक असलेल्या गाडीत किकची दांडी, आणि काही मॉडेलमध्ये सायलेन्सरही आड येतो. केबल कव्हरवरच्या हाताला जोडलेली असेल तर तीही सोडवा.

आता एक पुठ्ठा घ्या. त्यावर कव्हरचा आकार पेनानं काढा आणि प्रत्येक बोल्टच्या जागी भोक पाडा. जो बोल्ट जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर त्याच जागी खोचा. कव्हरचे बोल्ट एका लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो. तुम्ही आवळत राहता, कव्हर घट्ट होत नाही आणि शेवटी केसिंग तडकतं. आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोन-तीन आट्यांवरच धरतो, आणि ऑइल गळायला लागल्यावर तुम्ही तो अजून आवळता तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचे आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात. पुठ्ठ्याला दोन मिनिटं लागतात, आटे दुरुस्त करायला वर्कशॉप.

सगळे बोल्ट निघाले तरी कव्हर चिकटलेलं असतं. रबरी हातोडीनं कडेकडेनं ठोका. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथे ओरखडा पडला की कायमची गळती. कव्हर सुटताना ते नेमक्या जागी बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल पिना कुठे राहिल्या ते बघा. एक कव्हरमध्ये, एक केसिंगमध्ये असंही होतं. किकच्या शाफ्टवर वॉशर असेल तर तो कव्हरला चिकटून येतो आणि मग ऑइलच्या भांड्यात पडतो.

प्लेटा बाहेर

प्रेशर प्लेटवर स्प्रिंगांचे बोल्ट दिसतील. समोरासमोरचे, आलटून पालटून, अर्धा अर्धा आटा सैल करा. एकच बोल्ट पूर्ण काढलात तर प्रेशर प्लेट तिरकी होते. ती काढली की मधला बेअरिंग किंवा पुश-पीस हातात येईल, तो बाजूला ठेवा. मग प्लेटा एकेक काढा आणि निघाल्या त्याच क्रमानं मांडा. मोबाइलवर फोटो काढा. पहिली किंवा शेवटची फायबर प्लेट इतरांपेक्षा वेगळी असू शकते: रंग वेगळा, आतला व्यास मोठा, किंवा तिचे कान बास्केटच्या दुसऱ्याच उथळ खाचेत बसलेले. काही गाड्यांत सर्वात आतल्या प्लेटपाशी एक पातळ, किंचित वाटीसारखी रिंग असते. तिची वाटी कुठल्या बाजूला आहे ते फोटोत यायलाच हवं.

बास्केटच्या मधला मोठा नट दिसला तरी त्याला हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत प्लेटा बदलायला तो काढावा लागत नाही; तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी बघा.

काय बघायचं

स्टील प्लेट पुसून उजेडात धरा. राखाडी, एकसारखी असेल तर बरी आहे. निळ्या-जांभळ्या डागांची असेल तर ती तापून निघाली आहे, आणि त्याच वेळी बहुधा वाकलीही आहे. सपाट काचेवर ठेवून चारी बाजूंनी खाली फिलर गेज घालून बघा. मॅन्युअलमधली मर्यादा साधारण ०.१ ते ०.३ मि.मी.च्या दरम्यान असते. त्यापेक्षा जाड पान खाली शिरलं तर ती प्लेट बाद. डाग नाहीत, सपाट आहे, पण आरशासारखी चकचकीत झाली आहे, अशी स्टील प्लेट बारीक पॉलिश पेपरनं गोल गोल घासून पुन्हा वापरता येते. धुऊन मगच लावा.

फायबर प्लेटवर मात्र पॉलिश पेपर चालवू नका. जळून काळी, कडक झालेली फायबर घासून दोन दिवस धरते आणि जाडी आणखी कमी होते. जाडी तीन-चार जागी मोजा आणि नव्या प्लेटशी ताडून पाहा. एका प्लेटला ०.३ मि.मी. झीज म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण पाच प्लेटांची मिळून ती १.५ मि.मी. होते, आणि तेवढ्या स्प्रिंगा सैलावतात. दाब तिथे हरवतो.

स्प्रिंगा एका ओळीत उभ्या करा. एखादी बुटकी असेल तर नुसत्या डोळ्यांनाही कळतं. वर्निअरनं लांबी मोजा, आणि एक जरी मर्यादेखाली असली तरी पूर्ण सेट बदला. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीत प्लेटा बदलताना स्प्रिंगा मोजत बसूच नये, नव्या टाकाव्यात. कव्हर पुन्हा उघडायच्या त्रासापुढे त्यांची किंमत नगण्य आहे.

एका ओळखीच्या मुलाच्या २२० मध्ये उघडल्यावर प्रत्येक स्प्रिंगखाली वॉशर सापडला होता. कुणा मेस्त्रीनं झिजलेल्या प्लेटांना जोर यावा म्हणून घातलेला. लिव्हर इतका जड की सिग्नलला हात दुखायचा, आणि स्लिप तरीही होताच. ही युक्ती कुणी सुचवली तर गाडी घेऊन निघा.

बास्केटच्या बोटांवर (प्लेटांचे कान ज्यांच्या मध्ये बसतात त्या पट्ट्यांवर) नखानं जाणवतील अशा खाचा पडल्या आहेत का तेही पाहा. त्यानं स्लिप होत नाही, पण क्लच झटके देतो आणि नीट सुटत नाही. हलक्या खाचा बारीक कानशीनं सपाट होतात. खोल असतील तर बास्केट बदलायची, आणि ते काम मेस्त्रीकडे.

पुन्हा जोडणी

नव्या फायबर प्लेटा, इंजिनात घालणार तेच ऑइल ताटलीत घेऊन त्यात आदल्या रात्री बुडवून ठेवा. निदान दोन-तीन तास तरी. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वेळी क्लच सोडताना पृष्ठभाग जळतो आणि नवा सेट जुन्यासारखा होऊन बसतो.

कव्हर आणि केसिंगवरचं जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. इंजिनात चिंधी कोंबून ठेवा, म्हणजे तुकडे आत पडणार नाहीत. चिंधी काढायला विसरू नका.

चळत फायबरनं सुरू होते आणि फायबरनंच संपते. फोटो बघत बसवा. स्टील प्लेटांना शिक्क्यानं कापल्यामुळे एक कड धारदार आणि दुसरी किंचित गोल असते. सगळ्यांची धार एकाच बाजूला ठेवा.

नंतरची पायरी नीट वाचा, कारण नवख्यांकडून सर्वात जास्त मोडतोड इथेच होते. प्रेशर प्लेटच्या आतल्या बाजूला दाते असतात आणि ते हबच्या दात्यांत बरोबर बसावे लागतात. काही मॉडेलमध्ये जुळवायला बाण किंवा ठिपका असतो. प्लेट हातानं दाबून हळूहळू फिरवा; बसली की ती टप्कन आत जाते आणि शेवटच्या फायबरला सगळीकडून टेकते. कडेनं बघितल्यावर फट दिसत असेल तर ती दात्यांवर चढून बसली आहे. तशीच आवळलीत तर क्लच स्लिप होईल, नाहीतर हबचे अ‍ॅल्युमिनियमचे खांब मुळापासून मोडतील.

स्प्रिंगांचे बोल्टही आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. सहा मि.मी.च्या या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. लांब पान्यानं 'अजून थोडं' करायचा मोह आवरा. टॉर्क रेंच यासाठीच आणायला सांगितला होता.

नवं पॅकिंग कोरडंच लावा. सिलिकॉनचा लेप देऊ नका. आत सुटलेले त्याचे धागे ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतात. डॉवेल पिना जागेवर, किकचा वॉशर जागेवर, पुठ्ठ्यावरून बोल्ट जिथले तिथे. कव्हरचे बोल्टही समोरासमोरचे, साधारण तेवढ्याच टॉर्कनं. ऑइल भरा, केबल जोडा, आणि खेळ अगदी पहिल्यापासून नव्यानं लावा. चळत जाड झाल्यामुळे जुनी सेटिंग आता चुकीची आहे.

चालवून बघा

गाडी मेन स्टँडवर असतानाच इंजिन चालू करा, लिव्हर दाबून पहिला गिअर टाका आणि मागचं चाक बघा. थंड ऑइलमुळे ते थोडं ओढलं जाईल, पण ब्रेक लावल्यावर थांबलं पाहिजे. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, ऑइलची पातळी पुन्हा पाहा आणि कव्हरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. मग रस्त्यावर. पहिले शंभरेक किलोमीटर क्लचवर जोर टाकू नका, आणि त्यानंतर केबलचा खेळ पुन्हा तपासा. नव्या प्लेटा बसतात तशी सेटिंग थोडी हलते.

इतकं करूनही स्लिप होत असेल तर आधी केबल बघा, मग प्रेशर प्लेट दात्यांवर चढली का ते, मग सेटमध्ये एखादी प्लेट कमी किंवा पातळ आली का ते.

परदेशी मोठी जुनी स्पोर्ट्स बाइक असेल, आणि तिच्या क्लचला केबलऐवजी ब्रेकसारखी ऑइलची नळी असेल, तर खेळ लावण्याचा भाग गळतो. तिथे लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक भोक घाणीनं बुजलं की दाब अडकून राहतो आणि क्लच तसाच स्लिप होतो. जुना द्रव काढून, ते भोक साफ करून नवा द्रव भरल्यावर मगच प्लेटांकडे वळा. ड्युकाटी ९१६ सारख्या गाडीचा क्लच तर कोरडाच असतो. त्याच्या प्लेटा ऑइलमध्ये भिजवायच्या नाहीत.

राहता राहिली सवय. ट्रॅफिकमध्ये दोन बोटं लिव्हरवर टेकवून ठेवू नका. खंबाटकीच्या चढावर ट्रक पुढे रांगत असेल तर गाडी हाफ क्लचवर तोलून धरण्याऐवजी न्यूट्रल करा आणि ब्रेकवर थांबा.